गेल ऑम्व्हेट यांना हार घालणं पुरे, आता त्यांच्याशी भांडू या

डिसेंबर २०२३. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. 'सारथी'च्या फेलोशिपचा विषय निघाला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल केला. गदारोळ झाला, निषेध झाले, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले.

आता त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात डॉ. गेल ऑम्व्हेट यांचं निधन झालं. श्रद्धांजल्यांचा पूर आला. त्यात एक वाक्य शब्द बदलून पुन्हा पुन्हा येत होतं: अमेरिकेतलं सुखाचं आयुष्य सोडून ही विदुषी आपल्या एका खेड्यात येऊन राहिली. केवढा हा त्याग!

एक वाक्य तुच्छतेचं, दुसरं भक्तीचं. वरवर पाहता एकमेकांच्या अगदी विरुद्ध. माझं म्हणणं असं आहे, की ही दोन्ही वाक्यं सख्खी भावंडं आहेत. दोघांचा समज एकच, की समाजाचा अभ्यास करणं हे काही 'काम' नव्हे. एकाला तो रिकामटेकडेपणा वाटतो, दुसऱ्याला ते व्रत वाटतं. आणि दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो: त्यासाठी पैसे द्यायची गरज नाही. रिकामटेकड्याला पगार कशाला? आणि व्रतस्थाला पगार दिला, तर व्रत भंगणार नाही का?

म्हणून हार घालणं थांबवू या आणि गेल ऑम्व्हेट यांच्याकडे एका साध्या नजरेनं पाहू या. संघटना आणि चळवळी यांचा अभ्यास करणारी एक समाजशास्त्रज्ञ, जिनं पन्नास वर्षं काम केलं. काय काम केलं, कुठे बसून केलं, आणि आपल्या विद्यापीठांनी त्याचं काय केलं?

शंभर वर्षांनी लिहिलेला प्रबंध

गेल यांचा जन्म १९४१चा, मिनियापोलिसचा. १९६३-६४ मध्ये फुलब्राइटवर त्या पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथे समाजशास्त्रात पीएचडीसाठी दाखल झाल्या आणि १९७०-७१ च्या सुमारास संशोधनासाठी महाराष्ट्रात परतल्या. विषय होता पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. प्रबंध पूर्ण झाला १९७३ मध्ये. म्हणजे जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याला बरोबर शंभर वर्षं होत असताना.

त्या काळी ब्राह्मणेतर चळवळीबद्दल सुशिक्षित वर्तुळात काय बोललं जायचं? इंग्रजांनी फूस लावलेली, नोकऱ्यांसाठी भांडणाऱ्या काही लोकांची, राष्ट्रीय चळवळीत पाचर मारणारी चळवळ. गेल यांनी हे सगळं उलटं करून पाहिलं. त्यांचा मुद्दा असा: वसाहतीच्या काळात इथे दोन वेगवेगळ्या सांस्कृतिक हालचाली चालू होत्या. एक वरच्या जातींतल्या सुशिक्षितांची, परंपरेचा अभिमान जागवणारी. दुसरी खालून आलेली, त्या परंपरेविरुद्धच बंड करणारी. पहिलीला आपण राष्ट्रवाद म्हणून पाठ्यपुस्तकात घेतलं. दुसरीला तळटीप केलं.

पण त्या कौतुक करून थांबल्या नाहीत, आणि इथेच त्यांच्यातली संघटनांची अभ्यासक दिसते. चळवळ चालते कशी, हा त्यांचा प्रश्न होता. विचार पुण्यातून खेड्यात पोचतो कशावर बसून? तमाशाच्या अंगानं जाणाऱ्या सत्यशोधकी जलशांवर. 'दीनबंधू'सारख्या पत्रांवर. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील जो 'दीनमित्र' चालवत होते, त्याच्यावर. भटजीशिवाय लग्न लावण्यासारख्या कृतीवर, जी करायला भाषण द्यावं लागत नाही, पण गावात भूमिका घ्यावी लागते. आणि या चळवळीत एकजीव असं काही नव्हतं, हेही त्यांनी दाखवलं. एक प्रवाह शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा, जहाल. दुसरा संस्थानिक, जमीनदार, क्षत्रियत्वाचा दावा सांगणाऱ्या प्रतिष्ठितांचा. दोघांनी एकच झेंडा धरला होता, पण चालायचं होतं वेगवेगळ्या दिशांना. १९३० नंतर केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये गेले, बहुजनांच्या हाती काँग्रेस आली, आणि जातीच्या प्रश्नाची धार मात्र मागे राहिली. आजच्या महाराष्ट्राचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर या वाटचालीला वळसा घालून जाता येत नाही.

हा दिवा नाही तर काय आहे?

त्याच दशकात अमेरिकेत चळवळींचं समाजशास्त्र नव्यानं घडत होतं. १९७७ मध्ये जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड यांनी मांडलं की अन्याय तर सगळीकडेच असतो. चळवळ तिथे उभी राहते जिथे पैसा, माणसं, वेळ आणि संघटना जमवता येते. त्याच वर्षी फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लोअर्ड यांनी जवळजवळ उलट सांगितलं: गरीब जिंकतात ते रस्त्यावरच्या अडथळ्यामुळे, आणि सभासद-नोंदणी, कार्यालयं, पदाधिकारी यांच्या नादी लागले की धार घालवून बसतात. तिकडे हा वाद चालू असताना, त्याच प्रश्नांची उत्तरं सातारा-सांगलीच्या शिवारात गोळा करणारी एक बाई होती. फरक इतकाच, की ती उत्तरं गोळा करता करता इथलीच झाली.

कासेगाव म्हणजे आश्रम नव्हे

१९७६ मध्ये त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न केलं. १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. कागदोपत्री नाव शलाका पाटणकर झालं, पुस्तकांवर गेल ऑम्व्हेटच राहिलं. सासरचं घर कसलं होतं तेही लक्षात घ्या. सासरे बाबुजी पाटणकर आणि सासू इंदुताई, दोघंही १९४२ नंतरच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारमधले.

प्रतिसरकारवर गेल यांनी स्वतंत्रपणे लिहिलं. सत्यशोधक चळवळ ज्या भागात रुजली होती, तिथेच पुढे नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, हा धागा त्यांनी पुढे आणला. संघटना मोडते, नाव पुसलं जातं, पण माणसांना एकत्र बसायची, न्याय मागायची, भाकरी पोचवायची जी सवय लागलेली असते ती उरते आणि वीस वर्षांनी दुसऱ्याच नावानं उगवते. हे सूत्र ग्रंथालयात बसूनही सुचू शकतं. पण कासेगावात ते समोरच्या ओट्यावर बसलेलं असतं.

म्हणून 'खेड्यात येऊन राहिल्या' या वाक्याचा मला राग आहे. वैद्यकीय संशोधक प्रयोगशाळेत जातो तेव्हा आपण 'केवढा त्याग' म्हणत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ डोंगरावर राहिला तर त्याला संत करत नाही. गेल ऑम्व्हेट यांचा विषय जिथे होता तिथे त्या राहिल्या. तिथे प्रेम होतं, घर होतं, मुलगी वाढत होती, मोर्चे होते, आणि कामाचं टेबलही होतं. त्या टेबलावर 'वुई विल स्मॅश धिस प्रिझन' (१९८०), 'रीइन्व्हेंटिंग रेव्होल्यूशन' (१९९३), 'दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन' (१९९४), 'बुद्धिझम इन इंडिया' (२००३), 'सीकिंग बेगमपुरा' (२००८) यांच्यासारख्या पुस्तकांचा ऐवज जमला. त्यागानं पुस्तकं होत नाहीत. रोज बसून लिहावं लागतं.

'पण मग तटस्थतेचं काय?'

हा प्रश्न येणारच, आणि तो फालतू नाही. जी बाई श्रमिक मुक्ती दलात आहे, परित्यक्ता स्त्रियांच्या मोर्चात चालते, तिनं चळवळीबद्दल लिहिलेलं कितपत मानायचं?

उत्तर उदाहरणानं देतो. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात दुष्काळ होता. १९८२ चा गिरणी संप फसला होता आणि मुंबईहून कामगार गावी परतत होते. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्यांत हे संपातून तावून आलेले लोक मिसळले आणि एक प्रश्न पुढे आला: दुष्काळ आला की खडीच का फोडायची? जिनं दुष्काळ जाईल असं काम का मागायचं नाही? यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, आणि येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला. आणि नियम केला की पाणी घरटी मिळेल, जमीन नसलेल्यांनाही.

बाहेरून आलेल्या तटस्थ अभ्यासकाला यात काय दिसलं असतं? एक छोटं धरण आणि काही घोषणा. पाणी जमिनीला न जोडता माणसाला जोडायचं, ही त्यातली कल्पना किती स्फोटक आहे आणि ती गावात मान्य करून घ्यायला किती बैठका लागतात, हे आत असलेल्यालाच कळतं. संपात हरलेला कामगार गावात येऊन नवी संघटना कशी शिकवतो, हेही.

आणि तटस्थतेचा हा दाखला मागितला कुणाकडे जातो, तेही पाहा. कंपनीच्या पैशातून व्यवस्थापन शिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू कंपनीच्या बाजूचा नाहीस ना. सरकारी योजनेचं मूल्यमापन सरकारच्याच अनुदानातून करणाऱ्याला कुणी विचारत नाही. प्रश्न येतो तो कुळाच्या, मजुराच्या, दलित बाईच्या बाजूला बसून लिहिणाऱ्यालाच. बाजू सगळ्यांनाच असते. प्रामाणिक अभ्यासक ती सांगून टाकतो, आणि मग पुरावा आपल्या बाजूच्या विरोधात गेला तरी लपवत नाही.

भांडण कुठे गेलं?

गेल ऑम्व्हेट यांनी तो लपवला नाही याचा पुरावा म्हणजे त्यांच्यावर रागावलेल्या मित्रांची यादी. मार्क्सवाद्यांना त्यांनी ऐकवलं की शोषण फक्त कारखान्याच्या मजुरीत शोधू नका. ते शेतमालाच्या भावात आहे, बाईच्या बिनपगारी कष्टात आहे, जातीत आहे, जंगल-पाण्याच्या लुटीत आहे. स्त्रिया, दलित, शेतकरी आणि पर्यावरण या चळवळींना क्रांतीच्या शेपटीला बांधू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबद्दल त्यांनी सहानुभूतीनं लिहिलं, तेव्हा डाव्यांनी विचारलं की बागायतदारांची वकिली कशाला? जागतिकीकरणाला सरसकट शिव्या द्यायला त्या तयार नव्हत्या. १९९९ मध्ये अरुंधती रॉय यांच्या नर्मदेवरच्या निबंधानंतर त्यांनी रॉय यांना खुलं पत्र लिहिलं: दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवं आहे, धरण म्हणजे मुळातच पाप असं कसं म्हणता? विस्थापितांच्या बाजूनं बोलणारे कोण आहेत आणि विस्थापित स्वतः कुठे आहेत? हे लिहिणारी बाई धरणग्रस्तांच्या 'आधी पुनर्वसन, मग धरण' या लढ्यातली होती, हे विसरू नका.

मला यातलं सगळं पटत नाही. खुल्या बाजारानं जातीची मक्तेदारी सैल होईल, ही आशा मला भाबडी वाटते. गेल्या तीस वर्षांत शेतकऱ्याच्या घरात काय घडलं ते पाहता ती आशा कोरडवाहूला तरी फळलेली नाही. शेतकरी संघटनेत मालक आणि मजूर यांच्यातली दरी जितकी खोल होती तितकी ती त्यांच्या लिखाणात उतरली का, याबद्दलही मला शंका आहे.

पण मुद्दा असा, की हे वाद व्हायला हवेत. आणि श्रद्धांजलीत ते सगळ्यात आधी गायब होतात. डाव्यांनी शेतकरी संघटनेचा भाग गाळला. पर्यावरणवाद्यांनी खुलं पत्र गाळलं. उदारमतवाद्यांनी जातीवरची आग गाळली. उरली ती साडी नेसलेली, मराठी बोलणारी, प्रेमळ अमेरिकन बाई. इतकी निरुपद्रवी, की तिच्या फोटोला कुणीही हार घालावा. आपल्याकडे विचारवंताला संपवायचे दोन मार्ग आहेत. एक वाईट बोलण्याचा, दुसरा फार चांगलं बोलण्याचा. दुसरा जास्त पक्का, कारण त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

गुणपत्रिकेत शून्य

आता विद्यापीठांकडे येऊ. गेल ऑम्व्हेट यांना मान मिळाला नाही असं नाही. पुणे विद्यापीठात त्यांनी फुले-आंबेडकर अध्यासन सांभाळलं, भुवनेश्वरच्या निस्वास संस्थेत आंबेडकर अध्यासन सांभाळलं, फेलोशिपा मिळाल्या, व्याख्यानांना बोलावणी आली. पण त्यांच्या कामाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा कुठल्याही विभागाच्या बाहेर गेला. अध्यासन म्हणजे पाहुण्यांची खोली. मान असतो, मुक्काम नसतो. पिढ्यामागून पिढ्या विद्यार्थी घडवायचे तर मुक्काम लागतो.

आणि आज कुणी तसं काम करायला निघालं तर? २०१० मध्ये यूजीसीनं एपीआय नावाची गुणपद्धत आणली. संशोधन मोजायला लागलं, आणि जे मोजता येतं तेच संशोधन ठरलं. २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी आली, लोक त्या यादीमागे धावले, २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीच मागे घेतली. या खेळात खानापूरच्या दुष्काळी गावात घालवलेल्या वर्षांना किती गुण? परित्यक्ता स्त्रियांच्या परिषदेसाठी लिहिलेल्या मराठी पुस्तिकेला किती गुण? वसंत मून यांच्या 'वस्ती'चं इंग्रजी भाषांतर गेल यांनी केलं. नागपूरच्या दलित मोहल्ल्याचं ते आत्मकथन त्यामुळे जगभर वाचलं गेलं. त्या श्रमाला किती?

दुसऱ्या टोकाला तासिका तत्त्वावर शिकवणारे, म्हणजे सीएचबीवाले आहेत. सेट-नेट झालेली, पीएचडी झालेली माणसं तासावर पैसे घेतात आणि सुट्टीत बिनपगारी होतात. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागतं. चळवळींचा अभ्यास करायला पैसे मिळावेत म्हणून आधी एक चळवळ करावी लागते!

सगळ्यांकडे बर्कले नसतं

माझ्याच मांडणीवर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो घ्यायलाच हवा. गेल ऑम्व्हेट कासेगावात राहून जगाला ऐकू गेल्या, कारण त्यांच्याकडे बर्कलेची पदवी होती, मातृभाषा इंग्रजी होती, लंडनचा प्रकाशक दार उघडत होता. साताऱ्यातल्या एखाद्या मातंग मुलीनं हेच काम, हेच कष्ट, हीच बुद्धी लावून केलं असतं तर तिला 'स्थानिक कार्यकर्ती' म्हटलं गेलं असतं. फार तर ती परदेशी अभ्यासकाच्या आभारांच्या पानावर आली असती.

हा आक्षेप खरा आहे. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीत लढलेल्या स्त्रिया त्यांनी शोधून काढल्या, त्यांच्याकडे गेल्या, त्यांना बोलतं केलं. त्या म्हाताऱ्या बाया गेल्या असत्या तर त्यांच्यासोबत एका चळवळीचा अर्धा इतिहास गेला असता. चळवळीचं समाजशास्त्र याहून वेगळं काय असतं? दोघीही कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हत्या. उर्मिलाताई तर सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून हे करत होत्या. इंग्रजीत ते पुस्तक यायला २००८ साल उजाडलं.

म्हणजे त्यागाची गोष्ट दुहेरी अन्याय करते. गेलसारखीचं काम ती व्रत म्हणून बाजूला काढते, आणि ज्यांच्याकडे त्यागायला अमेरिका नव्हतीच त्यांचं काम तिला दिसतही नाही. सोडण्यासारखं काही असलं तरच माणूस थोर ठरतो, असा हा हिशोब आहे. ज्यानं काही न सोडता, कारण हातात काहीच नव्हतं, रात्री जागून प्रबंध लिहिला, त्याला विचारायचं, काय दिवे लावणार?

विद्यापीठाच्या आत हे जमतच नाही, असंही नाही. पुण्यात शर्मिला रेगे यांनी विभागात राहून सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे, दलित स्त्रियांची आत्मकथनं वर्गात आणली, आणि पुढच्या कित्येक विद्यार्थ्यांना वाट दाखवली. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. एखादी व्यक्ती असेपर्यंत होतं आणि ती गेली की विझतं, अशी व्यवस्था काय कामाची?

तर मग करायचं काय?

विद्यापीठांनी चळवळींच्या भागात राहून केलेलं काम काम म्हणून मोजावं आणि त्याचा पगार द्यावा. मराठीतल्या पुस्तिका, भाषांतरं, घेतलेल्या मुलाखती यांना गुण द्यावेत. फेलोशिप दर महिन्याला, न मागता मिळावी. संघटनांनीही आपली पत्रकं, इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या जपाव्यात आणि अभ्यासकाला ठराव लिहून देणारा कारकून समजणं सोडावं. त्यानं टीका केली तर त्याला फुटीर म्हणण्याआधी वाचावं.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, त्यांच्यासाठी एकच. गेल ऑम्व्हेट यांचं कुठलंही एक पुस्तक उघडा. पंचवीस पानं वाचा. जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीनं 'का?' असं लिहा. पुढच्या २५ ऑगस्टला त्यांचा फोटो स्टेटसला ठेवण्याऐवजी तो 'का?' चार लोकांत विचारा. कुणीतरी चिडेल, कुणीतरी उलटून बोलेल, कुणीतरी दुसरं पुस्तक काढून दाखवेल. पन्नास वर्षं हेच चालू ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.